सहाव्या रकान्यातला एक

आमच्या बाईंना चाळीसेक गावांतलं घराघरांतलं ठाऊक होतं, आणि त्यांना काहीही विचारलं तरी उत्तर एकच यायचं, "मले मालूम नाई बा." कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाच्या घरात कोणता आजार आहे, कोण दहावी पास म्हणून खोटंच सांगतो, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. पण गावचा पोलीस पाटील असो की आमचेच साहेब, "बाई, त्या अमक्याच्या घरचं काय हो?" असं कोणी सुरू केलं की बाई चष्मा काढून पदराने पुसत आणि तेच म्हणत. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की एकदा बसस्टँडवर एका म्हातारीने विचारलं, "गडचिरोलीची गाडी गेली का वो बाई?" तर त्यालाही उत्तर "मले मालूम नाई," आणि गाडी आमच्यासमोरच उभी होती. ऑफिसात त्यांना पाठीमागे मालूमनाई बाई म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं का, ते मात्र आम्हाला कधी कळलं नाही.

मी मूळचा बल्लारपूरचा. नोकरी लागली ती धानपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी, आकडेवारीच्या ऑफिसात. काम म्हणजे सरकारच्या पाहण्यांचे फॉर्म घेऊन गावोगाव फिरायचं, घरोघरी बसून प्रश्न विचारायचे, मिळालेली उत्तरं भरायची आणि त्यांचे तक्ते करून वर पाठवायचे. बाई तिथे वीस-बावीस वर्षांपासून होत्या. बुटक्या, सावळ्या, पायात नेहमी कापडी बूट, कारण "चप्पल धानाच्या बांधीत फसते." साहेबांनी मला त्यांच्या हाताखाली दिलं तेव्हा बाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच विचारलं, "तुले बोलाची लई सवय हाये का?"

होती. पहिल्याच दिवशी ती अंगाशी आली. एका घरात एका बाईने नवऱ्याबद्दल काहीतरी सांगितलं होतं. परतताना जीपमध्ये मी उत्साहाने सुरू केलं, "बाई, ते शेवटचं घर..." बाईंनी माझ्या गुडघ्यावर असा काही चिमटा काढला की मी कळवळलो. जीपमधून उतरून खूप पुढे गेल्यावर त्या थांबल्या. "डायवर भाऊची बहीन याच गावात देली हाये, मालूम हाये तुले?" मला अर्थातच ठाऊक नव्हतं. "मंग? तिनं तुले सांगतलं, जीपले नाई सांगतलं." पुढे दोन दिवस त्या माझ्याशी कामाशिवाय बोलल्या नाहीत.

त्यांची विचारायची रीत मी अजून कोणात पाहिली नाही. ओसरीवर सासू बसलेली असे, मागे सून उभी. बाई सासूला म्हणत, "आजी, तुमच्या हातचा चहा पाजा ना जी, थकली मी." सासू खुशीत आत गेली की बाई सुनेजवळ सरकत आणि आवाज उतरवून नेमका प्रश्न विचारत. चहा येईस्तोवर फॉर्मचं ते पान भरलेलं असे. सासू परत आली की बाई शेळ्यांबद्दल बोलत असत. बाया त्यांना स्वतःच्या आईला न सांगितलेलं सांगत. मी एकदा म्हटलं, "बाई, तुम्हाला कसं काय सांगतात हो सगळं?" त्या म्हणाल्या, "मी दुसऱ्या घरी जाऊन सांगत नाई म्हणून." आणि मग थोड्या वेळाने, "एवढंच तं हाये आपल्याजवळ. दुसरं काय देतो आपन त्याइले?"

कागदाच्या बाबतीत तर बाई अर्धवेड्याच होत्या. ब्रह्मपुरीच्या स्टँडजवळ आम्ही भजी घेतली. पुडी सोडून पाहिली तर कागद आमच्याच जुन्या पाहणीचा! तेलाच्या डागातून कुटुंबप्रमुखाचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. ऑफिसातल्या कोणीतरी कपाट रिकामं करताना गठ्ठा रद्दीत घातला असणार. बाईंचा चेहराच उतरला. भजी तशीच माझ्या हातात कोंबून त्या भजीवाल्याकडे गेल्या आणि सगळा गठ्ठा मागितला. तो म्हणाला, "मंग मी पुडी कायनं बांधू बाई?" बाई समोरच्या पानठेल्यावर, चहावाल्याकडे, न्हाव्याकडे जाऊन जुनी वर्तमानपत्रं मागून आल्या, त्याच्यापुढे ठेवली आणि आमचे कागद उचलून पिशवीत घातले. दुसऱ्या दिवशी ऑफिसामागच्या अंगणात बसून त्यांनी एकेक पान स्वतः जाळलं. राखसुद्धा काठीने ढवळली.

आकड्यांचा त्यांचा एक नियम होता. गावाच्या तक्त्यात पाचाच्या आतला आकडा दिसला की तो तसा जाऊ द्यायचा नाही. शेजारच्या दोन-तीन गावांत मिळवून एकत्र दाखवायचा. मला सुरुवातीला हे कळेना. नाव नाही, घर नंबर नाही, नुसता आकडा. त्यात लपवायचं काय? बाई म्हणाल्या, "गावात एकच टॅक्टर असला, तं मालकाचं नाव लिहाची गरज हाये का? नाई ना? मंग झाक तो आकडा." वरून आलेल्या सूचनांमध्येही असं काहीसं लिहिलेलं होतं, पण त्या सूचना कोणी वाचत नसे. बाई वाचत, आणि पाळतही.

त्यांच्या नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती तेव्हा सिकलसेलची पाहणी आली. हा रक्ताचा आजार आमच्या भागाला नवा नाही. आईबापांकडून मुलांत येतो, थंडी पडली की सांधे धरतात, कळा येतात, माणूस पिवळा पडतो. तपासणी झाली की कार्ड मिळतं आणि कार्डाच्या रंगावरून कळतं की माणसाला आजार आहे, नुसता अंश आहे की काहीच नाही. लोक ते कार्ड गाडग्यात, पेटीच्या तळाशी, जिथे पाहुण्याचा हात जाणार नाही तिथे ठेवतात. कारण एकच, लग्नं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. तळ्याकाठचं गाव, साठ-सत्तर घरं, निम्मी मासेमारीवर, निम्मी धानावर. अशी गावं आमच्याकडे पुष्कळ आहेत. तिथल्या एका घरी चुलीपाशी बसून एका आईने बाईंना आपल्या मुलीचं कार्ड दाखवलं. मुलगी वीस-एकवीस वर्षांची, लग्न ठरलेलं. तिला आजार होता, पण गोळ्या रोज घेतल्या तर दिवस बरे जात. कार्ड दाखवताना आईने दार लोटून घेतलं होतं, असं बाईंनी मला पुढे खूप दिवसांनी सांगितलं.

त्यानंतर महिनाभरात बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या रजेवर गेल्या. नेमकी त्याच आठवड्यात साहेबांना वरून मागणी आली. रुग्णांचा गावनिहाय तक्ता हवा, वयानुसार, स्त्री-पुरुष वेगळे, विवाहित-अविवाहित वेगळे. मी म्हटलं, "सर, लहान आकडे मिळवायचे राहिलेत. बाई आल्या की..." साहेब म्हणाले, "मला संध्याकाळपर्यंत पाहिजे. नाव कुठे आहे त्यात? पाठवून दे." मी नवा होतो असं म्हणायचीही सोय नाही, तोवर मला तीन वर्षं झाली होती. मी वर ठळक अक्षरांत 'फक्त कार्यालयीन वापरासाठी' असं लिहिलं आणि तक्ता पाठवला.

तिसऱ्या दिवशी तो तक्ता गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. कोणत्या ऑफिसातून कोणी पुढे ढकलला, ते आजपर्यंत कळलेलं नाही. सहावा रकाना होता अठरा ते बावीस वयाच्या अविवाहित मुलींचा. त्या गावासमोर लिहिलं होतं, एक.

गावात त्या वयाच्या, लग्न न झालेल्या मुली चारच होत्या. तिघी धानाच्या रोवणीला दिवसभर चिखलात वाकणाऱ्या. चौथी दर महिन्याला आरोग्य उपकेंद्रात जाते हे बायांनी पाहिलेलं होतं. कशाला जाते ते ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. लग्न ठरलेल्या मुलाचं गाव नदीच्या पलीकडे. तिथे बातमी पोचायला एक दिवसही लागला नाही.

बाई कामावर रुजू झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीची आई ऑफिसात आली. बाईंच्या डोळ्यांवर अजून काळा चष्मा होता. मी समोरच्या टेबलावर बसलो होतो. ती आई खुर्चीवर बसली नाही.

"तुमी माह्या चुलीपाशी बसून इचारलं होतं," ती म्हणाली. "मी तुमाले सांगतलं. माह्या सख्ख्या भावाले नाई सांगतलं."

"हो," बाई म्हणाल्या.

"मंग गावाले कसं मालूम झालं?"

"नाव नाई गेलं. आकडा गेला. पन चूक आमचीच हाये."

"पोट्ट्याले पोरीनं आंधीच सांगतलं होतं. तो हो म्हणला होता. आता त्याचा बाप म्हणते, आमचं घरानं सोच्छ हाये, आमाले असली पोरगी नाई पायजे. अन् पोट्टा मान खाली घालून उभा." ती टेबलाच्या अगदी जवळ आली. "तुमी त्याइच्याही गावात गेल्या होत्या ना? त्याइच्याही घरी बसल्या असान. सांगा मले. त्याइच्या घरी खरंच काई नाई? तेवढं सांगा. मी जाते अन् त्याइच्या तोंडावर बोलते."

त्या घराचा फॉर्म मीच तपासला होता. त्यात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. इतकंच सांगतो की बाईंनी तोंड उघडलं असतं तर मुलाच्या बापाचा आवाज बंद झाला असता. माझ्या तोंडून "बाई..." एवढं निघालंच. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. काळ्या चष्म्याखालून पाणी येत होतं. ऑपरेशनचं की कशाचं, मला सांगता येणार नाही. त्या म्हणाल्या, "मले मालूम नाई."

ती आई टेबलापासून मागे सरली. मग म्हणाली, "तुमाले मालूम हाये. तुमी सांगून नाई राह्यल्या." आणि गेली.

मी त्या दिवशी बाईंशी भांडलो. चूक माझी होती म्हणून जास्तच भांडलो. एका शब्दाने लग्न वाचलं असतं, म्हटलं; तुम्ही नियम कवटाळून बसलात. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या घरीही कोनं तरी मले चुलीपाशीच सांगतलं हाये. दार लोटून. एकाले वाचवाले दुसऱ्याले चौकात उभं करू? बोल ना. तू सांग, मी करते." त्या पुढे म्हणाल्या, "मी तुले आकडा झाकाले शिकवलं. साहेबाले नाई म्हनाले नाई शिकवलं. ते माहं चुकलं." यापलीकडे मला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

बाईंनी स्वतःहून अहवाल लिहिला. गोपनीयतेचा भंग झाला आहे, जबाबदारी आमच्या शाखेची आहे, चौकशी व्हावी, असा. त्याखाली सही फक्त त्यांची. माझं नाव त्यांनी घातलं नाही, आणि मीही घाला म्हणालो नाही. चार महिन्यांनी कागद परत आला. 'सदर तक्त्यात कोणत्याही व्यक्तीचे नाव अथवा पत्ता नमूद नसल्याने ओळख उघड झाल्याचे दिसून येत नाही. सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.' बाईंनी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा मोठ्याने. मग फाइलला लावला, दोरी बांधली आणि कपाटात ठेवला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

पुढच्या वर्षी पाहणीची दुसरी फेरी आली. धान निघून गेलं होतं, थंडी कडक होती. त्या गावात मी जाईन, तुम्ही येऊ नका, असं मी बाईंना सांगून पाहिलं. त्या आल्या. गावात कोणी वाईट बोललं नाही. खाट टाकली, पाणी दिलं. पण ज्या घरांनी गेल्या खेपेला आतून कार्डं आणून दाखवली होती, त्या घरांत आता कोणालाच काही नव्हतं. "बिमार? नाई जी. कोनीच नाई." प्रत्येक दारात तेच. बाई लिहीत गेल्या.

शेवटी त्या मुलीचं घर आलं. आई ओसरीवर बसून जाळं दुरुस्त करत होती. उठली नाही. बाई खाली जमिनीवर बसल्या आणि प्रश्न सुरू केले. घरात माणसं किती, शिक्षण काय, आणि मग तो प्रश्न. तेवढ्यात आतून कण्हण्याचा आवाज आला. दाबलेला, तोंडात कापड धरल्यासारखा. बाईंचं पेन थांबलं.

"कोन हाये आत?"

"पावनी हाये. थकून आली, झोपली."

"गोळ्या चालू हायेत का?"

"कोनत्या गोळ्या?" आईने जाळ्यावरून मान वर केली. "लिहा ना बाई. घरात कोनी बिमार नाई म्हनून लिहा. जसं सांगतलं तसंच लिहिता ना तुमी?"

आवाज पुन्हा आला. बाई दाराकडे पाहत होत्या. मला वाटलं, आता त्या उठतील, आत जातील. त्यांनी फॉर्मवर 'नाही' लिहिलं. पेन बंद केलं. मग अगदी हळू, समोरच्या एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पावनीले गरम पान्यानं शेक. अन् दवाखान्यात ने. दूरच्या ने, जिथी कोनी वळखत नाई तिथी." आई पुन्हा जाळ्याची गाठ मारू लागली. जीपपर्यंत चालत जाताना बाईंनी माझा दंड धरला होता. एवढ्या वर्षांत त्यांनी आधार घेतलेला मी पाहिला नव्हता.

तक्ता तयार झाला. त्या गावासमोर सगळ्या रकान्यांत शून्य. शून्याला कोणाशी मिळवायची गरज नसते; तो जसाच्या तसा वर गेला. दोन महिन्यांनी पत्र आलं की, ज्या गावांत रुग्ण आढळले नाहीत तिथली शिबिरं आणि उपकेंद्रातलं गोळ्यांचं वाटप बंद करून ती सामग्री इतरत्र वळवण्यात यावी.

बाई ते पत्र घेऊन दिवसभर बसल्या. मग त्यांनी टिपण लिहिलं की अमुक गावातलं वाटप बंद करू नये. साहेबांनी शेरा मारला, 'कारण?' बाईंनी खाली लिहिलं, 'कारण नमूद करता येत नाही.' टिपण परत आलं, 'कारणाअभावी अमान्य.' त्यांना कारण लिहिता आलं असतं. पण गेल्या वर्षीचा नुसता आकडा चालला नसता; त्या वेळचे फॉर्म काढून घरं दाखवावी लागली असती. त्यांनी कपाटाची किल्ली हातात घेतलेली मी पाहिली. थोड्या वेळाने ती पुन्हा कनवटीला लागलेली होती.

पुढच्या मार्चमध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांची खुर्ची मला मिळाली. पाचाच्या आतले आकडे मी आता झाकतो, साहेबांना नाहीही म्हणतो. त्याचा त्या गावाला आता काही उपयोग नाही.

निवृत्तीला दोन वर्षं होत आली तेव्हा मी ब्रह्मपुरीला त्यांच्या घरी गेलो. त्या विधवा बहिणीसोबत राहतात. बाई वाळल्या होत्या, पण चहा करायला स्वतः उठल्या. खिडकीच्या फळीवर गोळ्यांची पाकिटं एकावर एक रचून ठेवलेली दिसली. मी विचारलं, "तब्येत बरी नाही का, बाई?"

"माह्या नाईत त्या."

मला कळायला थोडा वेळ लागला. रोज एक घ्यायच्या त्या साध्या गोळ्या होत्या, उपकेंद्रात मिळायच्या त्याच.

"आनून ठेवल्या," बाई म्हणाल्या. "पन नेऊ कशा? मी गेली का गाव इचारन, बाई याच घरी काऊन आली? पुन्हा त्याच घराकडं बोट होते. डाकेनं पाठवू, तं डाकवाला गावचाच."

"मी नेतो. माझ्या मोटारसायकलने."

"तुले नाई वळखत?"

ओळखत होते. गावच्या आशाताईंना सांगावं, शिक्षकाला सांगावं, असं एकेक मनात येत गेलं आणि प्रत्येकाला आधी ते घर सांगावं लागणार होतं. बाईंनी हे सगळं कधीच मोजून पाहिलेलं असणार. ती मुलगी कशी आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं आणि विचारणार कोणाला?

चहा पिऊन झाल्यावर बाई फळीपाशी गेल्या. एकेक पाकीट डोळ्यांजवळ नेऊन उजेडात मागची तारीख वाचू लागल्या. तीन पाकिटं त्यांनी बाजूला काढली.

"याइची मुदत गेली," त्या म्हणाल्या. "उद्या नव्या आनते."